व्हायरसचं कवच जुळताना लाइट स्कॅटरिंगनं कसं मोजायचं

कवच जुळत गेलं की कण मोठे होतात आणि त्यांच्यावर आपटून जास्त लाइट उडतो, तो उडालेला लाइट (लाइट स्कॅटरिंग) मोजायचा. कोल्हापुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टला स्टॉप्ड-फ्लो (दोन द्रावणं क्षणात मिसळून मोजणारं मशीन) मिळंलच असं नाही, पण साधा फ्लुओरिमीटर (सँपलवर लाइट टाकून बाहेर येणारा लाइट मोजणारं मशीन) असला तरी भागतंय बघा. हेपॅटायटिस बीच्या कोअर प्रोटीनचा १४९ अमिनो ॲसिडचा तुकडा घ्या, तो ई. कोलायमध्ये बनतो, नुसतं रिकामं कवच असतं त्यामुळं लागण व्हायची भानगड नाही. डायमर (प्रोटीनच्या जोड्या) सुटे असतात, मीठ वाढवलं की १२० डायमरचं कॅप्सिड (म्हणजे कवच) होतं, थोडी ९० वालीपण होतात.

एक्सायटेशन (आत टाकायचा लाइट), एमिशन (मोजायचा लाइट) दोन्ही ३२० नॅनोमीटरवर ठेवा, तिथं प्रोटीन लाइट जवळपास शोषत नाही. डिटेक्टर ९० अंशात असतोय म्हणून क्युवेट (सँपलची चौकोनी नळी) चारी बाजूंनी क्लिअर पाहिजे.

खरी डोकेदुखी धूळ. मोठा कण छोट्यापेक्षा कैक पटीनं लाइट उडवतो, एक कचरा बीममधनं गेला की ग्राफ टणाटण उड्या मारतोय. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधनं गाळा, प्रोटीन जोरात सेंट्रिफ्यूज करून वरचंच घ्या. आणि आपल्याकडं जुलैत हवा इतकी ओली की बर्फावरचं सँपल तसंच ओतलं तर क्युवेटवर बाहेरनं दव धरतंय, सिग्नल हलतो आणि पोरं खुश, रिॲक्शन सुरू झाली म्हणून! आधी सगळं २५ डिग्रीवर आणा. तापमान वाढलं की जुळणीचा जोरही वाढतो, त्यामुळं होल्डरचं टेंपरेचर फिक्स पाहिजेच.

एका द्रावणात १० मायक्रोमोलर डायमर, ५० मिलीमोलर हेपिस (हे बफरचं केमिकल), पीएच ७.५. दुसऱ्यात त्याच बफरमध्ये ६०० मिलीमोलर मीठ, दोन्ही समान घेऊन मिसळायचं. तुलनेसाठी पहिल्यांदा नुसतं बफर-मीठ, मग बिनमिठाचं प्रोटीन, मग खरा रन. बुडबुडे नकोत.

सुरुवातीला रेघ सपाट दिसली तर काहीच होत नाही असं समजू नका, बारके तुकडे जुळत असतात पण लाइट कमी उडवतात, तेवढंच प्रोटीन पूर्ण कॅप्सिडमध्ये गेलं की सिग्नल सुट्या डायमरच्या साधारण १२० पट. मीठ जास्त टाकून ग्राफ झटकन वर नेण्यात काय शहाणपणा नाही, एकदम ढीगभर कॅप्सिड सुरू होतात, डायमर संपतात, सगळी अर्धवट, आणि नुसत्या सिग्नलवरनं ते ओळखू येत नाही म्हणून शेवटी साइज एक्सक्लूजन कॉलम (कण आकारानुसार वेगळे करणारा) मारा, जमलं तर टीईएमपण (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप).

मग वेगवेगळ्या कॉन्सन्ट्रेशनला तेच करा, एका पातळीनंतर सुटे डायमर जवळपास वाढतच नाहीत, जादा प्रोटीन कॅप्सिडमध्येच जातं, त्या पातळीवरनं डायमर एकमेकाला किती घट्ट धरतात ते काढता येतंय.