ड्रोन पायलटचं मिलिटरी ट्रेनिंग उपयोगी पडतंय का, हे कसं तपासायचं

ट्रेनिंग कसं चाललंय विचारलं की दोनच आकडे पुढे येतात, पास किती झाले आणि सिम्युलेटरवर तास किती भरले. त्यातून कोर्स पार पडला एवढंच कळतं.

आधी सिलॅबस बाजूला ठेवा आणि मिशन उडवणाऱ्यांसोबत बसा. कुठे गडबडायला होतं विचारा. तासन्तास काहीच न घडणारी स्क्रीन आणि मग अचानक धावपळ, रेडिओ आणि चॅट एकाच वेळी, शिफ्ट बदलताना अर्धवट सांगितलेली माहिती, असलंच काहीतरी निघतं. टेस्ट यावर बनवा.

टेस्टमधे बिघाड कसा घालायचा यासाठी नोगालेसची केस बघा. २५ एप्रिल २००६ ला अॅरिझोनात अमेरिकन बॉर्डरवाल्यांचा प्रेडेटर बी ड्रोन पडला (सैन्याचा नव्हता, पण मशीन त्याच जातकुळीतलं). पायलटचा कन्सोल (जमिनीवरून ड्रोन उडवायचं टेबल) हँग झाला, कंट्रोल शेजारच्या कन्सोलवर घेतला, तिथला लिव्हर कॅमेऱ्याच्या कामासाठी ज्या जागी होता ती जागा पायलट मोडमधे म्हणजे इंजिनचं इंधन बंद! लिव्हर जुळवून घ्या असं चेकलिस्टमधे होतंच, ती वापरलीच नाही. लेखी परीक्षेत याचं उत्तर कोणीही देईल, म्हणून न सांगता कन्सोल हँग करा, तेही कंटाळा आलेला असताना, आणि लक्षात यायला किती सेकंद लागले, क्रूला मोठ्याने सांगितलं का, चेकलिस्ट उघडली का एवढंच टिपा. सॅटेलाइट लिंकवर कमांड पोचायला सेकंदभराहून जास्त उशीर होऊ शकतो, तो सिम्युलेटरमधे नसेल तर निकाल फसवा येणार.

मार्क शिकवणाऱ्यानेच देऊ नयेत. एकच रेकॉर्डिंग दोघांना वेगवेगळं तपासायला द्या, मार्कांत खूप फरक पडला तर आधी मार्क कशाला द्यायचे ते नीट ठरवा. फीडबॅक फॉर्म भरून घ्या हवं तर, पण कोर्स आवडला म्हणजे जमला असं नसतं.

युनिटमधे काही महिने गेल्यावर तीच टेस्ट परत घ्या. मार्क घसरले तर लगेच ट्रेनिंग स्कूलला धरू नका, मधे सराव झाला का ते रेकॉर्डमधे बघा. अमेरिकेच्या जीएओने (सरकारी कामाची तपासणी करणारी संस्था) २०१५ मधे एअर फोर्सच्या ७ युनिट तपासल्या (सगळ्या फोर्सचं चित्र नव्हे), तर सगळ्या ठरलेल्या मिशनचं ट्रेनिंग पूर्ण केलेले पायलट सरासरी ३५ टक्केच निघाले. असं असेल तर सिलॅबस बदलून काही होणार नाही, ड्युटी चार्टमधे सरावाला वेळ काढावा लागेल.