चहा अंगावर सांडला तर आधी नळ

रांगणाऱ्या मुलाने टेबलावरचा कपडा ओढला आणि चहाचा कप अंगावर आला, असं घराघरात घडतं. अशा वेळी हळद, टूथपेस्ट, तूप, शाई शोधत बसू नका. बाळाला उचला आणि थेट नळाखाली न्या. भाजलेल्या भागावर साधं गार पाणी २० मिनिटं वाहू द्या. घड्याळ लावूनच, कारण रडणाऱ्या लेकराला धरून उभं राहिलं की दोन मिनिटंही खूप वाटतात. उरलेलं अंग टॉवेलमध्ये गुंडाळून उबदार ठेवा. बर्फ नको, त्याने त्वचेला आणखी इजा होते. सुरुवातीला हे सुचलं नाही तरी तीन तासांपर्यंत पाणी धरण्याचा उपयोग होतो.

ओले कपडे, बांगड्या, करदोटा लगेच काढा. कापड कातडीला चिकटलं असेल तर मात्र ओढू नका. फोड फोडू नका. नंतर भाजलेला भाग स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे न्या. चेहरा, हात, पाय किंवा जांघ भाजली असेल, किंवा भाजलेला भाग मुलाच्या तळहाताहून मोठा असेल, तर थेट रुग्णालयात. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मोफत मिळते.

आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी घाला, मग गरम. उलट केलं की नुसतं कढत पाणी भरलेली बादली क्षणभर उघडी राहते, आणि मूल नेमकं तेव्हाच तिथे पोचतं. बाळ मांडीवर असताना चहा पिऊ नका, अगदी पाहुणे आले तरी.