झळाळत्या पिसांवर काम करायचंय? आधी गावठी कोंबडा गाठा

पक्ष्यांच्या रंगांवर प्रकल्प करायचा म्हणून येणाऱ्या एम.एस्सी.च्या बहुतेक मुलांच्या डोक्यात मोर असतो. मी त्यांना चिकनवाल्याकडे पाठवते. गावठी कोंबड्याच्या शेपटीचं काळं पीस मस्त हिरवं झळाळतं, फुकट मिळतं. रानपक्ष्यांचं तसं नाही. तिथे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो, त्यामुळे गाइडला विचारून परवानगीचं आधी बघायचं, पीस नंतर.

ते पीस कॉलेजातल्या साध्या मायक्रोस्कोपखाली ठेवा, कमी पॉवरवर. खालून उजेड दिला की बार्ब्यूल, म्हणजे पिसाच्या फांद्यांवरचे बारीक तंतू, मळकट तपकिरी दिसतात. हा मेलॅनिनचा रंग, आपल्या केसांतलं तेच रंगद्रव्य. आता खालचा दिवा बंद करून वरून तिरका टॉर्च मारा. तेच बार्ब्यूल हिरवेगार! टॉर्च हलवला की छटाही सरकते. मुलांच्या तोंडून 'अरेच्चा' निघेपर्यंत मी पुढचं काही सांगतच नाही.

हिरवं रंगद्रव्य तिथे नसतंच. मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्या केरॅटिनमध्ये (नखं-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनात) शिस्तीत रचलेल्या असतात. थराथरावरून परतणाऱ्या लहरींपैकी ज्यांचा मेळ जमतो तो रंग उठतो, आणि इकडेतिकडे भरकटणारा प्रकाश मेलॅनिनच गिळतं. पांढऱ्या मोराच्या पिसांत मेलॅनिन नाही, म्हणून ती झळाळीही नाही. मोराच्या निळ्या भागात कांड्यांमधलं अंतर सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्यात १५०. दहा नॅनोमीटरचा खेळ! मोराचं पीस भिजलं की रंग जातो, हे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ मध्येच नोंदवलं होतं.

खंड्याच्या पाठीचा निळा मात्र यात धरू नका. तो स्पंजासारख्या केरॅटिनमधून येतो आणि कोन बदलला तरी फारसा हलत नाही.

प्राणिशास्त्रवाल्यांनी बारावीचं प्रकाशशास्त्र पुन्हा काढावं, विशेषतः व्यतिकरण (लहरींचा हाच मेळ) आणि अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती वळतो त्याचं माप). आकडेमोडीसाठी थोडं पायथन प्रोग्रॅमिंगही हवं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी पीस रेझिनमध्ये बसवून शंभर नॅनोमीटरच्या आसपास जाडीचे काप काढावे लागतात. ते हात बसायला वेळ लागतो आणि मशीनला रांग असते, तेव्हा नंबर आधीच लावा. स्पेक्ट्रोमीटर (कोणत्या रंगाचा प्रकाश किती परततो ते मोजणारं यंत्र) वापरताना प्रकाशाचा आणि तो टिपणाऱ्या प्रोबचा कोन दर वेळी वहीत लिहा. कोन नसलेला आलेख गाइडने परत केला तर कुरकुर करू नका.