रॉटरडॅमला जहाजात बसण्याआधी

साल १७५०. घर जर्मन मुलखातल्या वुर्टेंबर्गमध्ये, नेकार नदीकाठी, आणि जायचं आहे अमेरिकेत, फिलाडेल्फियाला. सर्वांत आधी आपल्या राज्यकर्त्याचा परवाना पदरात पाडून घ्या. शेत-घर विकून आलेल्या पैशातला काही हिस्सा निर्गमन कर म्हणून इथेच जाणार, तो वजा करूनच हिशेब मांडा. चर्चमधून बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे दाखले घ्या.

मग पैसे मोजा आणि पुन्हा एकदा मोजा. दहा वर्षांवरच्या प्रत्येकाचं जहाजभाडं ६० फ्लोरिन, म्हणजे १० पौंड. पाच ते दहा वर्षांच्या मुलाचं निम्मं. पण ही रक्कम रॉटरडॅमपर्यंत शाबूत पोचली पाहिजे. हाइलब्रॉनपासून हॉलंडपर्यंत नदीवर ३६ जकात नाकी आहेत आणि नाक्यावरच्या अधिकाऱ्याला सवड होईल तेव्हाच होडी तपासली जाते. यात चार ते सहा आठवडे जातात, पुढे हॉलंडमध्येही जहाजाची वाट पाहत बसावं लागतं. या सगळ्या काळात पोट भरायचं ते भाड्याच्याच पैशातून. कितीतरी कुटुंबं समुद्र दिसण्याआधीच कर्जात बुडतात ती अशी. म्हणून वाटखर्चाची थैली वेगळी ठेवा.

सगळ्यात जास्त जपायची ती पेटी. जहाजावर गरम जेवण आठवड्यातून जेमतेम तीनदा मिळतं आणि पाणी काळं, किडे पडलेलं असतं. पेटीत सुकवलेली सफरचंदं, नासपती, आलुबुखार, व्हिनेगर, मोहरी, थोडी ब्रँडी आणि औषधं भरा. पेटी तुमच्याच जहाजात चढली हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हलू नका. ‘मागच्या जहाजाने पाठवतो’ असं दलाल गोड बोलून सांगतील. ऐकू नका. फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनचे मुद्रक क्रिस्टोफ साउर यांनी पुढे १७५५ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरला हेच कळकळीनं लिहिलं: पेट्या मागे राहतात आणि वाटेत माणसं उपाशी, आजारी पडून मरतात.

झोपायला माणशी दोन फूट रुंद, सहा फूट लांब जागा. त्यात तापाची साथ. सात वर्षांखालची मुलं क्वचितच वाचतात. याच १७५० साली ऑर्गन घेऊन निघालेल्या एका शाळामास्तरानं आपल्या जहाजावरून ३२ मुलं समुद्राच्या स्वाधीन केलेली पाहिली. तान्हं बाळ असेल तर खरोखर पुन्हा विचार करा.

करारावर सही करण्याआधी तो कुणाकडून तरी वाचून घ्या. अर्ध्याहून जास्त वाट कापल्यावर कुणी दगावलं तर त्याचं भाडंही मागे राहिलेल्यांनीच फेडायचं असतं. पूर्ण भाडं न फेडलेल्यांना फिलाडेल्फियात जहाजावरून उतरू देत नाहीत. गिऱ्हाइकं जहाजावरच येऊन, भाड्याच्या बदल्यात, तीन ते सहा वर्षांच्या चाकरीचा सौदा करतात. दहा-पंधरा वर्षांची मुलं एकवीस वर्षांची होईपर्यंत बांधली जातात, आणि आईबाप एकीकडे, लेकरं दुसरीकडे, असं बऱ्याचदा होतं. सोळा वर्षांवरच्या पुरुषांना इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथही घ्यावी लागेल.

म्हणून वाटेत रोज मुलांकडून घोकून घ्या: आपलं गाव, बापाचं नाव, जहाजाचं आणि कप्तानाचं नाव. ताटातूट झालेली माणसं साउर यांच्या जर्मन वर्तमानपत्रात जाहिरात देऊन एकमेकांना शोधतात, आणि त्या जाहिरातीत हीच माहिती लागते.