नवा टीव्ही बघायला आणलाय, तपासत बसायला नाही

नवा टीव्ही घरी आला की पहिल्याच दिवशी एकदा नीट तपासून घ्या, म्हणजे स्क्रीनभर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे रंग लावून बघा, आणि रेघ, तडा किंवा मधोमध डोळ्यात खुपणारा ठिपका दिसला तर रिटर्नची मुदत आहे तोवर सरळ बदलून मागा, त्यात संकोच नको. पण एवढं झालं की रंगांचे ते टेस्ट व्हिडिओ बंद म्हणजे बंद. फोर-के स्क्रीनवर जवळपास ८३ लाख पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके असतात, त्यातला कोपऱ्यातला एखादा गेला असेल तर तो सोफ्यावरून दिसतही नाही, स्क्रीनला नाक लावून शोधला तरच सापडतो.

अंधारात काळ्या स्क्रीनच्या कडेला जो पुसट उजेड दिसतो ना, तो एलसीडी पॅनलमध्ये थोडाफार असतोच, कारण मागचा बॅकलाइट चालू असतो आणि काळ्या भागातूनही जरासा प्रकाश झिरपतो. मी आठवडाभर रात्री दिवे घालवून तोच कोपरा बघत होतो, पिक्चरमध्ये काय चाललंय तिकडे लक्षच नाही! शेवटी टीव्हीच्या मागे मंद दिवा लावला, बॅकलाइट थोडा कमी केला, भडक रंगांचा व्हिव्हिड मोड काढून सिनेमा मोड ठेवला आणि तो उजेड जाणवेनासा झाला. आणि हो, असलं काही दिसलं तरी घरातल्यांना बोट लावून दाखवू नका, मग सगळ्यांची नजर तिथेच जाते.