लुट्झची कड आणि प्रोटोकॉलमधली ‘ई’

फिगर स्केटिंगच्या स्पर्धेत नव्याने उतरणारे स्केटर पडण्याला सर्वांत जास्त घाबरतात. पडल्याचे नुकसान सगळ्यांना दिसते, म्हणून त्यावर सरावात कामही होते. उडी सुटताना आणि उतरताना ब्लेडखाली जे घडते त्याचे नुकसान मात्र प्रोटोकॉल, म्हणजे गुणांचा तपशीलवार तक्ता, हाती येईपर्यंत कळत नाही, आणि पुष्कळ जण एकूण गुण पाहून तो कागद घडी घालून ठेवून देतात.

सहा प्रकारच्या उड्या (लुट्झ, फ्लिप आणि टो लूप या त्यांतल्या तीन), मूळ गुण (उडीसाठी आधीच ठरलेले गुण) आणि जीओई (दर्जानुसार त्यांत होणारी वाढ किंवा घट) तुम्हाला ठाऊक आहेत असे मी गृहीत धरते. उडी कोणती, हवेत किती फेऱ्यांची आणि ती ब्लेडच्या बरोबर कडेवरून सुटली का, हे तांत्रिक पॅनेल ठरवते. परीक्षक त्यानंतर −५ ते +५ या पट्टीवर तिचा दर्जा लावतात आणि त्यातली प्रत्येक पायरी मूळ गुणांच्या १० टक्के असते. २०१८ पर्यंत ही पट्टी −३ ते +३ एवढीच होती. एकच दोष दोनदा कापतो: पॅनेल मूळ गुण उतरवते आणि त्याच दोषासाठी परीक्षकांना जीओईमध्येही वजावट करावी लागते.

फेऱ्यांचा नियम त्या मानाने सरळ आहे. उतरताना बरोबर पाव फेरी कमी पडली तर ‘क्यू’ची खूण येते, मूळ गुण शाबूत राहतात आणि फक्त जीओई घटतो, पावपेक्षा जास्त पण अर्ध्यापेक्षा कमी फेरी राहिली तर मूळ गुणांचे ८० टक्के मिळतात, अर्धी किंवा त्याहून जास्त राहिली तर एक फेरी कमी असलेली उडी धरली जाते. ट्रिपल, म्हणजे तीन फेऱ्यांच्या, लुट्झचे मूळ गुण ५.९ आहेत, ते शेवटच्या दोन प्रकारांत अनुक्रमे ४.७२ आणि २.१ होतात. पूर्ण फेऱ्या करून पडलात तर जीओईचे २.९५ आणि पडल्याचा १ गुण जाऊन हाती १.९५ उरतात, तर स्वच्छ डबल लुट्झला +१ मिळाला तरी २.३१ होतात. “प्रयत्न तरी दिसू दे” म्हणून न जमणारी ट्रिपल कार्यक्रमात घालायला लावणाऱ्या प्रशिक्षकाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवायला सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला ज्याने खरोखर छळले ते कडेचे प्रकरण, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. मागे सरकत असताना लुट्झ ब्लेडच्या बाहेरच्या कडेवरून सुटते आणि फ्लिप आतल्या कडेवरून. दोन्हींत दुसऱ्या पायाचा टो पिक, म्हणजे ब्लेडच्या पुढच्या टोकाचे दाते, बर्फात रोवला जातो. घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या स्केटरचा डावा पाय लुट्झच्या लांब वळणावर घड्याळाच्या दिशेने जात असतो, म्हणजे अंगाला जिकडे फिरायचे असते त्याच्या नेमके विरुद्ध. टो पिक रोवण्याच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात खांदे अधीर होतात, घोटा आत कलतो, ब्लेड आधी सपाट होते आणि मग आतल्या कडेवर जाते. हे करणाऱ्याला मुळीच जाणवत नाही. उलट उडी सोपी आणि उंच वाटते, आणि तिथेच खरा धोका आहे. पॅनेल अशा उडीला फ्लिप म्हणत नाही. ती लुट्झच राहते, पण तिच्यापुढे ‘ई’ लागते आणि मूळ गुण ४.७२ होतात. त्यावर परीक्षकांचे −३ आले तर शेवटी ३.३० उरतात. स्वच्छ ट्रिपल फ्लिप +१ सह ५.८३ देते. कड नुसती अस्पष्ट असेल तर उद्गारचिन्ह येते, मूळ गुण टिकतात आणि जीओई घसरतो.

“उंची छान आहे, कड कोण बघतो?” हे वाक्य मी एका प्रशिक्षकाकडून फार काळ ऐकले. तांत्रिक पॅनेल बघते, आणि शंका असेल तर रीप्ले लावून बघते. खरी शंका उरली तर निर्णय स्केटरच्या बाजूने द्यावा असाही नियम आहे, त्यामुळे पॅनेल आपल्या विरोधात बसले आहे या समजुतीत राहू नका.

स्वतः तपासायचे असेल तर नुकत्याच गुळगुळीत केलेल्या बर्फावर लुट्झ करा आणि मागे जाऊन खूण बघा. टो पिकच्या खड्ड्यापर्यंत रेघ एकाच बाजूला वळलेली असेल तर कड टिकली. खड्ड्याच्या जरा आधी तिने उलटा बाक घेतला असेल तर प्रोटोकॉलमध्ये काय येणार हे तुम्हाला तिथेच कळेल. कॅमेरा मागून आणि बर्फालगत ठेवावा, कारण बाजूने घेतलेल्या चित्रणात सगळ्यांच्याच लुट्झ सुंदर दिसतात. दुरुस्ती सिंगल लुट्झपासून करावी लागते, आणि ती लवकर होते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ती होते, हे मात्र नक्की. ट्रिपल येत असलेल्या माणसाला पुन्हा सिंगल करताना लाज वाटते, तेवढी सोसावी लागते.

दुरुस्ती चालू असताना लुट्झ कार्यक्रमातून काढून तिच्या जागी दुसरी फ्लिप घालण्याचा मोह होतो. ते शहाणपणाचे आहे, पण इथे पुनरावृत्तीचा नियम आडवा येतो. १९८२ मध्ये इलेन झायाक यांनी जागतिक अजिंक्यपद जिंकताना ट्रिपल टो लूप चार वेळा केली होती. त्यानंतर आलेल्या निर्बंधाला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. फ्री स्केटमध्ये, म्हणजे लांब कार्यक्रमात, एकच ट्रिपल दोनदा करायची असेल तर त्यांतली किमान एक जोडउडीत (लगेच दुसरी उडी जोडून) असावी लागते, नाहीतर दुसरीला मूळ गुणांचे ७० टक्केच मिळतात, म्हणजे फ्लिपचे ५.३ थेट ३.७१ वर येतात. पहिली फ्लिप जड उतरली आणि तिला ठरलेली टो लूप जोडता आली नाही, तर दुसऱ्या फ्लिपला ती जोडावीच लागते. म्हणून एकटी ठरवलेली ती दुसरी फ्लिपही सरावात डबल टो लूपसह करून ठेवा, आणि तीही संगीतावर, पाय थकलेले असताना.