पोलीस गोळीबारानंतर शहर तापलं, तर सुरक्षित कसं राहायचं?

पोलिसांच्या गोळीने कोणाचा जीव गेला, की शहर त्याच क्षणी पेटतं असं नाही. ४ ऑगस्ट २०११ रोजी, गुरुवारी, उत्तर लंडनमधल्या टॉटनहॅममध्ये मार्क डगन हा तरुण पोलिसांच्या गोळीने मारला गेला. शनिवारी दुपारी घरचे आणि शेजारीपाजारी पोलीस ठाण्यावर जाब विचारायला गेले, तेही शांतपणे. अंधार पडल्यावर पोलिसांच्या गाड्या पेटल्या आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत लोण लंडनमधल्याच क्रॉयडन, ईलिंगपासून बर्मिंगहॅम, मँचेस्टरपर्यंत पोचलं. गोळीबार आणि जाळपोळ यांच्यामध्ये दोन दिवस होते. तयारीला मिळतो तो हाच वेळ, आणि बहुतेक लोक तो बातम्या बघण्यात घालवतात.

निदर्शनांत जावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आणि हक्क आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांचं घर, दुकान, नोकरी किंवा रोजचा रस्ता त्या भागात येतो.

१. जागा आणि वेळ आधी हेरा

टीव्हीवर सगळं शहर जळताना दिसतं, पण गडबड बहुधा मोजक्या रस्त्यांवर असते आणि त्या जागा आधी सांगता येतात. जिथे गोळीबार झाला ती जागा, जवळचं पोलीस ठाणं, न्यायालय, महापालिकेची इमारत, मुख्य बाजारपेठ आणि हमरस्त्यावर चढायचे रस्ते. अमेरिकेतल्या फर्ग्युसनमध्ये २०१४ साली मायकेल ब्राऊनच्या मृत्यूनंतर लोक पुन्हा पुन्हा दोनच ठिकाणी जमत होते. एक, घटनास्थळाजवळचा वेस्ट फ्लोरिसंट ॲव्हेन्यू आणि दुसरं, पोलीस ठाण्यासमोरचा रस्ता.

तुमच्या भागातल्या अशा जागा नकाशावर खुणा करून ठेवा. मग घरातून बाहेर पडायच्या दोन वाटा ठरवा. पूल, भुयारी मार्ग किंवा हमरस्ता त्यात नको, कारण बंद होतात ते आधी हेच. नकाशाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. गर्दीत मोबाइलचं इंटरनेट मंदावतं आणि तेव्हा नकाशा उघडत बसायला वेळ नसतो.

वेळेचं गणित साधं आहे. दिवसा मोर्चा, मेणबत्त्या, भाषणं, आणि त्यात मुलाबाळांसह आलेले लोक. सूर्य मावळला की घरचे लोक परततात आणि उरणारी गर्दी वेगळी असते. म्हणून त्या भागातली कामं दुपारीच आटपा. उशिरा सुटणारी नोकरी असेल तर परतीची सोय आधी करा. २०२३ च्या जूनमध्ये पॅरिसजवळच्या नाँतेरमध्ये १७ वर्षांचा नाहेल पोलिसांच्या गोळीने मेला, आणि दोनच दिवसांत पॅरिस परिसरातल्या बस आणि ट्राम रात्री ९ नंतर बंद झाल्या.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. असंतोष पुन्हा उसळी घेतो. अंत्यसंस्काराच्या दिवशी, व्हिडिओ जाहीर होतो तेव्हा, आणि सगळ्यात जास्त, गोळी झाडणाऱ्या पोलिसावर खटला चालवायचा की नाही याचा निर्णय येतो तेव्हा. फर्ग्युसनमधला गोळीबार ९ ऑगस्टचा होता. खटला चालणार नाही हे २४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी जाहीर झालं, आणि त्या रात्री अनेक दुकानं जळाली. या तारखा जाहीर झाल्या की फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.

२. घर: गोळीपेक्षा आगीची काळजी जास्त करा

खाली दुकानं आणि वर राहती घरं अशी इमारत असेल, तर हा भाग दोनदा वाचा. दुकान लुटणाऱ्याला वर कोणी झोपलंय याचं भान नसतं. ८ ऑगस्ट २०११ च्या रात्री क्रॉयडनमध्ये १८६७ पासून चालत आलेलं फर्निचरचं दुकान जळून खाक झालं. त्याच रात्री, त्याच भागात, पेटलेल्या इमारतीच्या खिडकीतून उडी मारणाऱ्या एका बाईचं छायाचित्र जगभर पोचलं.

- कचऱ्याचे डबे, पुठ्ठे, जुनी गादी, जिन्याखालचं भंगार, सगळं उजेड असेपर्यंत आत घ्या किंवा इमारतीपासून लांब न्या. आग लावणाऱ्याला पेटवायला काहीतरी लागतं, ते आपण दारात ठेवू नये.
- मागचं दार, गच्चीचं दार, लोखंडी जाळी, सगळ्यांच्या किल्ल्या एका ठरलेल्या खिळ्यावर. कुलूप एकदा उघडून बघा. गंजलेलं असेल तर ते आज कळू दे.
- पलंगाशेजारी प्रत्येकाचे बंद बूट. चपला नकोत. फुटलेल्या काचांवरून चालायची वेळ येते.
- एका पिशवीत ओळखपत्रं, रोजची औषधं, चष्मा, थोडी रोकड, चार्जर, पाणी. भरलेली पॉवर बँक.

घरात वृद्ध, दमेकरी, तान्हं बाळ किंवा चालायला त्रास असलेलं कोणी असेल, तर त्यांना दुपारीच नातेवाइकांकडे पोचवा. आजी म्हणतील, "मला काही होत नाही, मी इथंच बरी." त्यांच्याशी वाद घालू नका, दोन रात्री राहायला चला म्हणा. रात्री ११ ला, खाली धूर असताना, हीच समजूत काढणं फार अवघड जातं.

रात्री रस्त्याकडच्या खिडक्यांपासून लांब झोपा, पडदे ओढून घ्या. आणि बाल्कनीत उभं राहून शूटिंग करू नका. ३० मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये (तिथलं निमित्त गोळीबाराचं नव्हतं, पोलिसांनी पकडलेल्या माणसाच्या मृत्यूचं होतं) स्वतःच्या घराच्या ओसरीवर उभ्या असलेल्या लोकांवर बंदोबस्तातल्या जवानांनी रंगाच्या गोळ्या झाडल्या, त्याची चित्रफीत आजही सापडते. आपण आपल्या घरात आहोत, हे अंधारात खालून दिसत नाही.

खऱ्या गोळीचा आवाज आला तर जमिनीवर आडवे व्हा आणि सरपटत आतल्या खोलीत किंवा न्हाणीघरात जा. विटांची जाड भिंत बहुधा गोळी अडवते; दार, लाकडी कपाट आणि पातळ पार्टिशन अडवत नाही. काय झालं ते बघायला खिडकीशी जायचं नाही. एवढा एक मोह आवरला तरी पुष्कळ.

३. अश्रुधूर आला तर

नाव धुराचं असलं तरी ती बारीक भुकटी असते आणि ती कपड्यांवर, केसांवर, सोफ्यावर बसते. हवेपेक्षा जड असल्याने ती खाली साचते. म्हणून बाहेर असाल तर वारा ज्या बाजूने येतोय तिकडे आणि उंचावर सरका. तळघर किंवा भुयारी मार्गात शिरू नका. घरात असाल तर खिडक्या बंद, बाहेरची हवा आत ओढणारा एसी आणि एक्झॉस्ट पंखा बंद, दाराच्या फटीत ओला टॉवेल. जळत्या इमारतीत मात्र हे लागू नाही. तिथे बाहेरच पडायचं.

डोळे चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर धुतलेल्या हातांनी काढा आणि फेकून द्या. त्या पुन्हा घालायच्या नाहीत. (तणाव असताना मुळात चष्माच वापरा.) डोळे स्वच्छ पाण्याने १० ते १५ मिनिटं धुवा. डोळ्यांत दूध घाला, असा सल्ला फिरत असतो. दूध निर्जंतुक नसतं, आणि साधं पाणी पुरतं. कपडे डोक्यावरून काढताना भुकटी पुन्हा तोंडावर येते, तेव्हा टी-शर्ट असेल तर सरळ कात्रीने कापा. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, अंग साबणाने धुवा.

मोकळ्या हवेत आल्यावर साधारण अर्ध्या तासात त्रास ओसरतो. छातीत घरघर, श्वास अडकणं, नजर धूसर राहणं यांपैकी काही असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा. दमेकऱ्याचा इनहेलर खिशात हवा, पिशवीच्या तळाशी नको. रस्त्यात पडलेल्या नळकांड्याला हात लावू नका, ते हात भाजण्याइतकं गरम असतं.

४. रस्त्यात सापडलात तर

हवा बदलल्याच्या खुणा असतात. दुकानांची शटर एकामागून एक खाली येतात. घोषणा थांबून नुसता गलका होतो. पोलीस साध्या टोपीऐवजी हेल्मेट घालून, ढाली घेऊन रांगेत उभे राहतात. ध्वनिक्षेपकावरून पांगण्याचा हुकूम सुटतो. यातली एक जरी खूण दिसली तरी निघा. "पाच मिनिटं बघू काय होतंय" म्हणणारा माणूस त्या पाच मिनिटांत बघ्याचा जमाव होतो, आणि रबरी गोळी बघ्या आणि दगड मारणारा यांच्यात फरक करत नाही.

चालायचं, पळायचं नाही. गर्दीच्या प्रवाहाला छाती देऊ नका, तिरकं सरकत कडेला या आणि पहिल्या मोकळ्या गल्लीत शिरा. काचेच्या दर्शनी खिडक्यांपासून लांब राहा. चेंगराचेंगरी वाटली तर हात कोपरात दुमडून छातीसमोर धरा, श्वासाला जागा राहते. पडलात तर कुशीवर वळा, डोकं हातांनी झाका, आणि जमेल तितक्या लवकर उठा.

गाडीत असाल तर गर्दी दिसताच, ती लांब असतानाच, वळवा. पुढच्या गाडीच्या मागे इतकं अंतर ठेवा की वळायला जागा राहील. काचा वर, दारं बंद, हवा आतल्या आत फिरवणारं बटण चालू. हॉर्न वाजवू नका, हुज्जत घालू नका. आणि कितीही घाबरलात तरी गर्दीतून गाडी रेटू नका. त्यात माणसं मरतात, आणि नंतर पिंजऱ्यात तुम्ही उभे राहता. गाडी पेटली किंवा काचा फोडून लोक आत येऊ लागले, तर गाडी सोडून द्या.

५. संचारबंदी आणि पोलीस

संचारबंदी किती वाजल्यापासून आणि कोणत्या हद्दीत, हे दोन्ही बघा. एकाच रस्त्याच्या दोन बाजू वेगळ्या नगरपालिकांत असू शकतात आणि नियमही वेगळे. रुग्णालय, अग्निशमन अशा कामावरच्या लोकांना बहुधा सूट असते, पण ती तोंडी सांगून चालत नाही. ओळखपत्र आणि कामाच्या ठिकाणचं पत्र जवळ हवं.

पोलिसांनी अडवलं तर हात दिसतील असे ठेवा. गाडीत असाल आणि अंधार असेल तर आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर. खिशात हात घालायच्या आधी सांगा: "ओळखपत्र उजव्या खिशात आहे, काढतोय." मग सरळ विचारा: "मला घरी जायचंय, कोणता रस्ता मोकळा आहे?" त्या रात्री तोही माणूस घाबरलेला आणि बारा-चौदा तास उभा असू शकतो. अन्याय झाला असं वाटलं तर वेळ, जागा, बिल्ला क्रमांक लक्षात ठेवा. तक्रार दुसऱ्या दिवशी करता येते, रस्त्यावर नको.

६. बातमी कुठून घ्यायची

महापालिका, वाहतूक विभाग आणि एखादं स्थानिक वृत्तपत्र, एवढं पुरे. "इकडे येतायत, पन्नास गाड्या भरून येतायत" असा निरोप आला तर तो पुढे ढकलायच्या आधी एकच प्रश्न: सांगणाऱ्याने स्वतः पाहिलंय का? जुन्या दंगलींचे व्हिडिओ नव्या नावाने फिरतात. त्यांतल्या दुकानांच्या पाट्या, झाडांची पानं, लोकांचे कपडे नीट पाहिले तर ऋतू आणि शहर कधीकधी तिथेच उघडं पडतं. घरच्यांसाठी एक ठरावीक वेळ ठेवा, तेव्हा प्रत्येकाने "सुखरूप" एवढा एसएमएस करायचा. फोन लागत नसतो तेव्हाही एसएमएस बऱ्याचदा जातो.

७. दुकानदारांसाठी

माल राखायला रात्री दुकानात थांबू नका. २०११ च्या त्याच दंगलीत ईलिंगमध्ये ६८ वर्षांचे एक गृहस्थ पेटलेला कचरा विझवायला गेले आणि मारहाणीत प्राणाला मुकले. बर्मिंगहॅममध्ये आपली वस्ती राखायला उभ्या राहिलेल्या तिघांना गाडीने उडवलं. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या केनोशात पोलिसांनी जेकब ब्लेकवर केलेल्या गोळीबारानंतर दुकानांचं रक्षण करायला म्हणून रायफल घेऊन आलेल्या १७ वर्षांच्या मुलाच्या गोळ्यांनी दोन माणसं मेली. शस्त्र घेऊन उभा राहिलेला रखवालदार स्वतःच निमित्त ठरतो.

त्यापेक्षा दुपारी गल्ला रिकामा करा आणि गल्ल्याचा खण उघडा ठेवा, बाहेरून दिसेल असा. हिशेबाच्या वह्या आणि हार्ड डिस्क घरी न्या. ज्वलनशील माल पुढच्या भागातून हलवा. फळ्या ठोकायच्या असतील तर मागचं दार आतून उघडेल याची खात्री करून मगच ठोका. दुकानाच्या चारही भिंतींचे आणि मालाचे फोटो आजच काढा. विम्याच्या पॉलिसीत दंगल आणि नागरी अशांतता धरलेली आहे का, ते वाचा. काही देशांत सरकारी भरपाईही असते, जसा इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१६ चा दंगल भरपाई कायदा, पण अर्जाला मुदत असते.

सकाळी लगेच झाडलोट सुरू करू नका. आधी फोटो, मग विमा कंपनीला फोन, पोलिसांकडे नोंद, आणि नंतर जाड तळव्याचे बूट आणि हातमोजे घालून काचा उचला. न फुटलेलं नळकांडं किंवा पुंगळी दिसली तर ती तिथेच राहू द्या आणि पोलिसांना कळवा.